माजघर जरा काळोखंच असू दे

मी डोंगरांचे फोटो काढते आणि घरांचेही काढते, म्हणजे कोकणातले होमस्टे, जुने वाडे, कधी एखाद्या मैत्रिणीचा नवा फ्लॅट, आणि लोकांना कायम प्रश्न पडतो की ही दोन कामं एकच बाई कशी करते. एकात पहाटे उठून कड्यावर जाऊन बसायचं, दुसऱ्यात सोफ्यावरच्या उशा सरळ करत फिरायचं. पण ट्रायपॉड लावून मागे उभं राहिलं की दोन्हीकडे भांडण एकच असतं हो. एका बाजूला ढीगभर उजेड, दुसऱ्या बाजूला जेमतेम, आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. दरीत तो उजेड आकाशाचा, घरात खिडकीचा, एवढाच काय तो फरक.

आकडेच बघा ना. मे महिन्यातली दुपार, बाहेर लख्ख ऊन, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा तो आकडा) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, तर अंगणासाठी शटर साधारण १/५०० सेकंद उघडं राहिलं की पुरतं. बाकी काही न बदलता कॅमेरा आत वळवला की माजघराच्या कोपऱ्याला दोन सेकंद लागू शकतात. म्हणजे हजारपट, फोटोवाल्यांच्या भाषेत दहा स्टॉप, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आणि हा नुसता सरासरीतला फरक झाला, अंगणात वाळत घातलेलं पांढरं धोतर आणि कोपऱ्यातलं काळं शिसवी कपाट धरलं तर तो अजून वाढतो. चांगला फुलफ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा, सेन्सर कागदोपत्री चौदा स्टॉपच्या आसपास पकडतो, पण त्यातले खालचे दोनतीन म्हणजे नुसते दाणे दाणे, कामाचे नाहीत. आपल्या डोळ्याला हे सगळं आरामात दिसतं कारण तो एका क्षणी सगळं बघतच नाही, इकडे बघितलं की बाहुली लहान होते, तिकडे बघितलं की मोठी, आणि जोडाजोडी मेंदू करतो, आपल्याला पत्ताही नसतो.

म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढायचं, यावर मी वाद घालत नाही. जेपेगमध्ये एका रंगाला २५६ पायऱ्या मिळतात आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४. साधा फोटो असेल तर फरक कळणारही नाही, पण काळोखातून काही वर ओढायचं असेल किंवा संध्याकाळचं आकाश जरा गडद करायचं असेल तर जेपेगमध्ये लगेच पट्टे उमटतात. आणि एक गोष्ट पक्की, जळालेला उजेड परत येत नाही. सावलीत काहीतरी शिल्लक असतं, दाणेदार का होईना, पण पांढराफटक झालेला ढग म्हणजे तिथे माहितीच नाही, स्लायडर कितीही डावीकडे न्या, पांढऱ्याचा करडा होईल फक्त.

घरात मी सरळ ब्रॅकेटिंग लावते, म्हणजे एकच दृश्य कमीजास्त उजेडात, दोनदोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हलवायचे नाहीत, बदलायचा तो फक्त शटर, नाहीतर एका फ्रेममध्ये मागची भिंत शार्प आणि दुसऱ्यात मऊ असला घोळ होतो. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट, कारण शटर दाबताना बोटाचा धक्का बसतोच. पंखा बंद. हे सांगितलं की घरातले सगळे माझ्याकडे बघतात कारण रत्नागिरीकडे मे महिन्यात पंखा बंद म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल, पण पंखा चालू असला की पडदा हलतो, भिंतीवरचं कालनिर्णय फडफडतं, आणि पाच फ्रेम एकत्र केल्या की त्या कॅलेंडरची भुतं दिसतात. डोंगरावर हाच प्रॉब्लेम गवताचा. वाऱ्यात गवत एका जागी थांबत नाही, त्यामुळे तिथे शक्यतो एकाच फ्रेममध्ये भागवायचं, आणि पावसाळी ढगाळ हवेत ते भागतंही, कारण ढगांमुळे कडक ऊन आणि गडद सावली यातलं अंतर बरंच कमी झालेलं असतं. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला धडकू न देता जितका उजवीकडे नेता येईल तितका न्यायचा, बास.

वाइड लेन्सबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. सगळ्यांना वाटतं लँडस्केप म्हणजे वाइड आणि इंटिरियर म्हणजे अजून वाइड (एमएमचा आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड). नाणेघाटातून जीवधन आणि शेजारची वानरलिंगी सोळा एमएमने काढून बघा, तो एवढा अंगावर येणारा सुळका फ्रेममध्ये करंगळीएवढा होतो आणि पुढ्यातला दगड मात्र अर्धा फोटो खातो. वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं अजून लांब ढकलते, तिचा स्वभावच तो. सुळका सुळक्यासारखा दिसायचा असेल तर सत्तर, शंभर एमएम लावा, मावत नसेल तर उभ्या फ्रेम काढून पॅनोरामा जोडा. घरात हाच स्वभाव उलटा वापरतात, दहा बाय दहाची खोली सोळा एमएमने काढली की हॉल वाटते, पलंगाचा जवळचा कोपरा ताणून होडीच्या नाळेसारखा पुढे येतो, आणि मग पाहुणे येऊन दारात उभे राहतात आणि म्हणतात हीच का ती खोली. मी फुलफ्रेमवर चोवीसच्या खाली क्वचित जाते, क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर सोळाच्या. कोपरा मावत नसेल तर नसू दे, खोलीचे चारही कोपरे एका फोटोत आलेच पाहिजेत असं कोणी सांगितलंय?

आणि कॅमेरा लेव्हलमध्ये. खांब, दाराच्या चौकटी, कपाटं, घर म्हणजे सगळ्या उभ्या रेषा, आणि कॅमेरा जरा खाली झुकवला की त्या खाली एकमेकींकडे सरकतात. उंचीवरून न झुकवता कॅमेराच खाली आणायचा, फ्लॅटमध्ये चारेक फूट, आणि जिथे माणसं पाटावर किंवा जमिनीवर बसतात अशा माजघरात त्याहून खाली, तीन फूट, म्हणजे बसलेल्या माणसाला घर जसं दिसतं तसं. उरलंसुरलं लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या ट्रान्सफॉर्ममध्ये दोन रेषा आखून सरळ करता येतं, पण फार ताणलं की कडा कापाव्या लागतात, त्यामुळे मुळातच सरळ काढलेलं बरं.

आता रंग. माझा एडिटिंगचा निम्मा वेळ यात जातो आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. कोकणातल्या जुन्या घरात लाल कोबा असतो, घासून घासून चकाकणारा. त्यावर दारातून ऊन पडलं की तो लाल रंग उलटा वर उडतो आणि पांढऱ्या चुन्याच्या भिंती खालच्या बाजूने गुलाबी होतात. त्याच खोलीच्या खिडकीबाहेर फणस किंवा केळी, तिथून येणारा उजेड पानांतून गाळून आलेला, म्हणजे हिरवा. वर एखादी ट्यूबलाइट, तिची हिरवट पांढरी छटा वेगळीच, आणि देवघरात समई किंवा पिवळा बल्ब, २७०० केल्विनच्या आसपासचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळा). सावलीतला उजेड सात-आठ हजार केल्विन, निळा. एका खोलीत चार रंगांचा उजेड आणि कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं कशाला धरायचं त्याचा, आकडा एकच! ऑटोवर टाकलं तर तो सरासरी काढतो आणि कुणाचंच समाधान होत नाही.

मी काय करते तर सगळ्यात आधी ट्यूबलाइट बंद. दिवे लावले की घर उजळ दिसतं हा गैरसमज आहे, दिवसा खिडकीचाच उजेड चांगला, त्याला दिशा असते. समई असेल तर ती राहू द्यायची, तिचा पिवळा रंग खराच आहे, तो दुरुस्त करायचा नाही. मग भिंतीचा जो भाग खिडकीच्या समोर आहे त्यावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा आणि हिरवी छटा ब्रशने फक्त खिडकीजवळच्या भिंतीपुरती कमी करायची, पूर्ण काढायची नाही. पावसाळ्यात तिथे बसलात तर तुमच्या हातातल्या चहाच्या कपावरसुद्धा ती हिरवी झाक असते, ती काढून भिंत हॉस्पिटलसारखी पांढरी केली तर मग ते घर कुठलंही असू शकतं. लाल कोब्याची गुलाबी मात्र मी बऱ्यापैकी उतरवते, कारण डोळ्याला ती तिथे जाणवत नाही आणि स्क्रीनवर डाग पडल्यासारखी दिसते.

दिव्यांचं अजून एक, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ठेवला तर ठीक, पण ब्रॅकेटिंगमधली खिडकीसाठीची फ्रेम १/५०० ला गेली आणि स्वस्तातला एलईडी चालू राहिला असेल तर फ्रेमवर आडवे काळे पट्टे येतात. लोक कॅमेरा दुरुस्तीला नेतात. कॅमेरा ठणठणीत असतो.

डोंगरात रंगाचा त्रास म्हणजे हिरवा. सप्टेंबरमधला मावळ किंवा कासच्या वाटेवरचा उतार प्रत्यक्षात इतका हिरवा असतो की विश्वास बसत नाही, आणि त्यावर लोक सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, अजून वीस टाकतात, मग भाताची खाचरं रेडियमच्या स्टिकरसारखी चमकायला लागतात. एचएसएलमध्ये, म्हणजे एकेक रंग वेगळा बदलायच्या पॅनेलमध्ये जाऊन बघा, गवताचा बराचसा हिरवा खरं तर पिवळ्याच्या स्लायडरमध्ये बसलेला असतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं कमी, ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, थोडा खाली, आणि मग हिरवा आपोआप ओला दिसायला लागतो. आणि सीपीएल, म्हणजे लेन्सवर फिरवायचा पोलरायझर फिल्टर, ज्याला लोक फक्त निळ्या आकाशाचा समजतात, तो खरा पावसाळ्यातच लावावा. ओल्या पानावर आणि ओल्या कातळावर जो पांढरा चकाका असतो तो फिल्टर फिरवल्यावर जातो आणि खालचा रंग बाहेर येतो, हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये धड जमत नाही. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, खाऊ दे. फक्त वाइड लेन्सवर निळ्या आकाशात जपून, एका बाजूला गडद डाग पडतो.

डीहेझ नावाचा स्लायडर मला विशेष नडतो. धुकं हटवायचं असेल तर पावसाळ्यात गेलात कशाला, मार्चमध्ये जा.

तर एकत्र करणं. पाच फ्रेम लाइटरूमला द्या, एचडीआर मर्ज म्हणा, तो करतो, आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं करतो. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि पॅनोरामा जोडायला हगिन आहे, शिकायला वेळ लागतो पण कामात कुठे कमी नाहीत. मी खिडक्या बऱ्याचदा हाताने करते, खोलीची फ्रेम खाली, खिडकीची फ्रेम वर, मास्क, म्हणजे वरची फ्रेम कुठे दिसू द्यायची ते ठरवणारा पडदा, लावून गजांच्या आतला भाग तेवढा रंगवायचा. गजांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते ती लेन्स करेक्शनमध्ये आधीच काढून टाकायची, नाहीतर मास्कमध्ये अडकून बसते. इंटिरियरवाले अजून एक करतात, खिडकीकडे तोंड करून एक फ्लॅश मारतात आणि एक्सपोजर बाहेरचं ठेवतात, मग ती फ्रेम डार्कन मोडमध्ये, ज्यात दोन्हींतलं गडद तेवढं राहतं, वर टाकली की चौकट उजळ असल्यामुळे ती लागू होत नाही आणि बाहेरचं दृश्य तेवढं उतरतं, मास्कची कटकट वाचते. हुशार प्रकार आहे.

पण इथेच सगळे वाहवत जातात. खिडकीबाहेरचं आतल्याइतकंच उजळ केलं की खिडकी खिडकी राहत नाही, भिंतीवर सीनरीचं कॅलेंडर टांगल्यासारखी दिसते. बाहेर आतल्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त उजेड असलाच पाहिजे, नारळाच्या झावळ्या ओळखू आल्या की पुरे, त्यातल्या शहाळ्यांची मोजदाद करायची नाहीये. आणि सावल्या. शॅडोज स्लायडर शंभरवर नेला की माजघर चारही बाजूंनी सारखं उजळतं, कोनाड्यातला तांब्या दिसतो, कडीपाटाची प्रत्येक कडी दिसते, आणि घर मरतं. माजघर काळोखं असतं म्हणून तर दुपारी तिथे चटई टाकून लोक पडतात. तो गारवा त्या काळोखामुळे आहे, तो फोटोत नको?

गुहागरच्या बाजूला एका काकूंच्या घराचे फोटो केले तेव्हा यावरून बरंच बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "अगं, काळोख दिसतोय सगळा, माणसं यायची कशी?" मी म्हटलं, "काकू, पडवी उजळ ठेवलीय बघा, ओटी त्याहून कमी, आणि माजघर सगळ्यात कमी, घरात शिरताना जसं वाटतं तसं." त्यांनी मोबाइल लांब धरला, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, "ते खरंय, पण माझी नवीन मिक्सरची फळी दिसत नाही." फळीसाठी वेगळा फोटो काढून दिला. रास्त मागणी होती.

हे सगळं मी शिकले कुठे तर कार्ल्याच्या चैत्यात. मावळतीकडे तोंड, दारावर ती मोठी घोड्याच्या नालेच्या आकाराची खिडकी, आणि आत जो काही उजेड येतो तो मुख्यतः तिथूनच. दुपार कलली की तो उजेड मधल्या दालनातून स्तूपापर्यंत जातो, वर छताला लागलेल्या जुन्या लाकडी कमानी पुसट दिसतात, आणि खांबांच्या मागच्या दोन्ही बगला काळ्याच राहतात. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्याने ठरवून ठेवलेलं लायटिंग आहे ते, आपण कोण बगला उजळवणारे. पुरातत्त्व खात्याच्या जागेत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, आणि एकवीरा आईच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत तो लावायला जागाही नसते, त्यामुळे तिथे मी खांबाला टेकून, श्वास धरून, जास्त आयएसओवर एकाच फ्रेमचे धडाधड बरेच शॉट काढते आणि घरी येऊन त्यांची सरासरी काढते. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात म्हणून सरासरीत ते विरतात, सोळा फ्रेम घेतल्या तर नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. मोबाइलचा नाइट मोड साधारण हेच करतो, फक्त तुम्हाला न विचारता करतो आणि वर सगळं उजळवूनही टाकतो.

मग कोणीतरी म्हणतंच, की एवढी जोडाजोडी म्हणजे फसवणूक झाली. अहो, १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा तेव्हा त्याच्या काचेवरचं रसायन निळ्या उजेडाला इतकं हपापलेलं होतं की समुद्र नीट आला की आकाश पांढरं पडायचं. त्याने आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची एक, आणि क्षितिजावर जोडून एकच प्रिंट काढली. आपण मास्क लावतो ते तेच. जोडण्यात मला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते जे नव्हतंच ते आणून बसवण्यात. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश बदलायचं बटण आलं, तेव्हापासून हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचे असे सूर्यास्त बघायला मिळतात की सूर्य समोर मावळतोय आणि कड्याच्या सावल्या भलत्याच दिशेला पडल्यात. सावल्यांकडे बघत जा, आकाश कोणीही बदलेल, सावल्या फिरवायचे कष्ट कोणी घेत नाही.

घराच्या फोटोत तर मी याबाबत अजून कडक आहे, कारण तो फोटो बघून कोणीतरी पैसे भरून येणार असतं. भिंतीवरचा पावसाळी ओलीचा डाग, जो पुढच्या रंगकामात जाणार आहे, तो काढते. वायरी लोंबत असतील तर फोटोच्या आधी टेपने मागे लावते, नंतर मिटवण्यापेक्षा ते सोपं. पण खिडकीसमोरचा महावितरणचा पोल मी काढत नाही, समुद्र आणून बसवत नाही, वाळलेलं अंगण हिरवं करत नाही. एका होमस्टेवाल्या दादांनी खूप गळ घातली होती, "ताई, पोल तेवढा काढा ना, तुम्हाला दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचंही नाही, आता वीस सेकंदांचं आहे, म्हणूनच नको. शेवटी दोन पावलं डावीकडे सरकून काढला, पोल आंब्याच्या खोडामागे गेला, आणि खोलीत त्या जागी उभं राहणाऱ्यालाही तो तसाच दिसणार नाही, त्यामुळे माझा त्याला काही आक्षेप नाही.

एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा. काळोख्या खोलीत फुल ब्राइटनेसवर बसून केलेले फोटो प्रिंटला गेले की कोळशासारखे येतात आणि मग लोक प्रिंटवाल्याशी भांडतात. एक्सपोर्ट एसआरजीबीमध्ये, म्हणजे बहुतेक स्क्रीनना समजणाऱ्या रंगपद्धतीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर कृपा करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, काळोखातले ते हळूहळू उतरत गेलेले करडे रंग, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, साध्या फोटो म्हणून पाठवल्यावर सगळ्यात आधी तेच चौकोन चौकोन होऊन फुटतात, आणि मग काकूंचं म्हणणंच खरं ठरतं की काळोख दिसतोय सगळा.